अध्याय सातवा, प्रसादाच्या पुढचा

कारगिलच्या डोंगरात लढाई पेटल्याची बातमी रेडिओवर आली आणि रामकिशन हात जोडून उठून उभाच राहिला. त्याला दुःख व्हायला हवं होतं, थोडंफार झालंही असेल. पण चेहऱ्यावर जे पसरलं ते काही दुःख नव्हतं. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची एक हस्तलिखित पोथी होती. ती कोणत्या महाराजांनी लिहिली ते सांगता येत नव्हतं, कारण पहिलं पान उंदरांनी खाल्लं होतं. पण उंदरांनी पहिल्याच पानावर थांबून पुढे दात लावला नाही, हाच पोथीच्या खरेपणाचा पुरावा, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. आता त्याहून मोठा पुरावा दिल्लीहून आला होता.

पोथीच्या सातव्या अध्यायात स्वच्छ लिहिलं होतं, 'उत्तरेच्या गिरिशिखरीं । वणवा पेटेल दुपारीं । भाऊ भावाचा होईल वैरी । रक्त वाहेल पाण्यापरी ॥'

"ऐकलं का? पोथी खरी झाली!" तो चुलीकडे बघून ओरडला.

त्याची बायको सुमनबाई अधिक महिन्याच्या अनारशांचं पीठ मळत होती. "तिकडं लोकायचे लेकरं मरून राहिले, अन तुमी इकडं काहून खुश होऊन राहिले?"

रामकिशनने हे ऐकलं नाही. त्याला पोथीतलं सगळं ऐकू येई, सुमनबाईचं मात्र निवडक. तो सायकल काढून वारंगा फाट्याला गेला, धर्मसिंगच्या दुकानात.

धर्मसिंग तांड्यावरचा. फाट्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि रामकिशनच्या पोथीवर शंका काढण्याचं काम तो रेडिओपेक्षाही मन लावून करी.

"दादा, आखाती लढाई झाली तवाबी तुमी हीच ओवी म्हनली व्हती," तो म्हणाला. "तिथं तर समदं वाळवंट. डोंगर कुठं व्हता?"

"वाळूचा डोंगर ऱ्हात न्हाई का?"

"अन लढाया तर कायमच चालू असत्यात. पाऊस पडंल म्हनलं, तर कवा ना कवा पडतोच. पोथीत साल कुठं लिवलंय?"

"साल लिवायला ती काय ग्रामपंचायतीची पावती हाय? पोथी इशाऱ्यानं बोलती. ज्याला अक्कल हाय त्याला बराबर समजतंय."

दुकानात जमलेले लोक हसले आणि धर्मसिंग हरला. महिन्यापूर्वीच हिंगोली जिल्हा झाला, आपल्याच उंबऱ्यात घडलेली ही गोष्ट पोथीला कशी दिसली नाही, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण ज्या पोथीची नजर हिमालयापर्यंत पोचते तिला कळमनुरीच्या अलीकडचं बारीकसारीक दिसावं, ही अपेक्षा चुकीचीच म्हणायची.

त्या वर्षी अधिक महिन्यातल्या पोथीच्या पारायणाला मारुतीच्या पारावर पाय ठेवायला जागा उरली नाही. समाप्तीला रामकिशनने हट्टा गावच्या सोमेश्वरराव पाटलांना मुद्दाम बोलावलं. सोमेश्वरराव म्हणजे होणारे व्याही. रामकिशनच्या पुनमचं लग्न त्यांच्या मुलाशी ठरलं होतं. अधिक महिना संपला की निज जेठात लग्न, मंडपवाल्याला सांगून झालं होतं, पत्रिका छापून आल्या होत्या. स्थळ तोलामोलाचं, हळदीचं कोठार भरलेलं, दारात दोन बैलजोड्या. अशा माणसापुढे आपल्याकडे निदान एक खरी पोथी आहे, हे दाखवणं रामकिशनला गरजेचं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सातवा अध्याय पारावर आजवर पुरा असा कधी वाचलाच गेला नव्हता. रामकिशनचे वडीलही रणाच्या ओवीपाशी यायचे, तेवढ्यात प्रसादाचं पातेलं यायचं, पोरं उठायची, आरती सुरू व्हायची. पुढची ओळ सरळ आठव्या अध्यायाची. हीच तिथली परंपरा होती.

पण त्या दिवशी ओवी झाली आणि कोणी प्रसादाकडे बघेना. सोमेश्वरराव पुढे सरकून बसले. "वा, इवाई! बराबर डोळ्यापुढं उभं केलं. आता फुडं काय होनार हाय, ते वाचा."

"वाचा, वाचा!" पार गरजला.

रामकिशनला आयुष्यात कोणी 'पुढे वाचा' म्हटलं नव्हतं. त्याने घसा साफ केला, पान उलटलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, 'त्या वर्षीं जो बाशिंग बांधील । मंडपीं तयाच्या काळ नांदेल । सून घरांत जो आणील । घर तयाचें ओस पडेल ॥'

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला. सोमेश्वररावांना थोडा आधी कळला होता. ते उठले, पोथीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचे लई उपकार झाले, इवाई. वेळेवर सांगितलं. यंदा लगीन न्हाई."

"अवो, तसं न्हाई..."

"तसंच हाय. रेडिओ खोटा हाय का? मंग पोथी कशी खोटी?"

निज जेठ गेला की आषाढी, आषाढीपासून मुहूर्त बंद, ते थेट तुळशीच्या लग्नानंतर. आणि तोपर्यंत सोमेश्वररावांच्या दारात दुसऱ्या मुलींचे बाप रांग लावतील, हे रामकिशनला पोथी न उघडताही दिसत होतं. पुनम दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "बापू, तुमी आठवा अध्याय काहून न्हाई वाचला?" जन्मात पहिल्यांदा रामकिशनला वाटलं, पोथी जरा कमी खरी असती तर बरं झालं असतं.

पोथी खोटी पाडायला जिल्ह्यात एकच माणूस लायक होता. रामकिशन पुन्हा फाट्याला गेला.

"धर्मसिंग, हट्ट्याला चल. तुझं ते पावसाचं अन सालाचं सांग त्यायला. झ्याक सांगतोस तू."

धर्मसिंग उघड्या रेडिओत बघत राहिला. "आता न्हाई जमायचं, दादा. मला पटली पोथी."

"पटली? कवा?"

"आमचा फुलसिंग, माझ्या भावाचं पोरगं, तिकडंच हाय सरहद्दीवर. तुमच्या पोथीत लिवलंय न्हाई का, रनीं गेले ते परततील? त्या दिवशी पारावर पोथी उघडीच व्हती. तुमी उठले अन मी फुडचं वाचलं." त्याने स्क्रू फिरवायला घेतला, पण तो जागेवर बसेना. "आता ती खोटी कशी म्हनू मी?"

सुमनबाई पीठ मळताना काय म्हणाली होती ते रामकिशनला आता ऐकू आलं.

शेवटी हट्ट्याला तिघे गेले. रामकिशन, सुमनबाई, आणि पोथीची बाजू राखायला आपण होऊन धर्मसिंग. पोथी सुमनबाईने फडक्यात बांधून बरोबर घेतली होती. कशाला, ते तिने सांगितलं नाही.

चहा झाला आणि रामकिशनने सुरुवात केली. "इवाई, लढाया तर कायमच चालू असत्यात."

"पन डोंगरात?" सोमेश्वरराव म्हणाले.

"आखाती लढाईच्या टायमालाबी मी हीच ओवी म्हनलो व्हतो. तिथं कुठं डोंगर व्हता?"

"वाळूचा," धर्मसिंग नम्रपणे म्हणाला.

"पोथीत साल कुठं लिवलंय?" रामकिशन रडकुंडीला आला.

"ती काय ग्रामपंचायतीची पावती हाय?" धर्मसिंग म्हणाला. "ज्याला अक्कल हाय त्याला बराबर समजतंय."

सोमेश्वररावांनी मांडीवर थाप मारली. स्वतःच्याच उत्तरांनी इतका पुरता आडवा झालेला माणूस त्या ओसरीने पाहिला नव्हता. सोमेश्वररावांच्या पत्नी शकुंतलाबाई आतून रिकाम्या कपबशा न्यायला आल्या, म्हणजे आता उठायची वेळ झाली.

तेव्हा सुमनबाईने फडकं सोडलं. "पोथी खरी हाय, भाऊसाहेब. आमचं काही म्हननं न्हाई. पन अध्याय अर्धा राहिला. अर्धवट अध्यायाचा दोष ऐकनाऱ्याला लागतोय. तेवढा पुरा होऊ द्या, मंग आमी जातो."

दोषाचं नाव निघताच सोमेश्वरराव मांडी घालून बसले. रामकिशन मेल्या आवाजात वाचू लागला. बाशिंगाची ओवी झाली. रणातून परतण्याची झाली, तेव्हा धर्मसिंगने डोळे मिटून हात जोडले. मग पुढची आली.

'ज्याचें कोठार असे भरलें । तेणें गांवासी वांटावें वहिलें । नातरी जाईल सर्व साठिलें । अग्निमुखीं ॥'

सोमेश्वरराव मांडी बदलून बसले. "कोठार म्हंजे धान्याचं आसंल. हळदीचं न्हाई."

"पोथी इशाऱ्यानं बोलती," धर्मसिंग म्हणाला.

'बैलजोड्या असती दोन । एक शेजाऱ्यासी द्यावी दान । न देई त्याचें खुंटेल संतान । ऐसें जाण ॥'

शेजारी कुंपणापलीकडे वैरण टाकत होता. त्याचा हात थांबला. शकुंतलाबाई कपबशा घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "अवो, खिलारी जोडी द्यायची का दुसरी?"

"थांबा, थांबा, इवाई!" सोमेश्वररावांनी पोथीवर तळहातच ठेवला. "तुमी मघा काय म्हनत व्हते? साल न्हाई लिवलेलं, व्हय ना? मंग ही लढाई तीच कशावरून? मानसानं जरा इचार करावा. लढाया तर कायमच चालू असत्यात!"

हे ऐकून रामकिशनने गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या पोथीला परका माणूस खोटं पाडतोय हे त्याला सहन झालं नाही. "अवो, अशी कशी तीच न्हाई? उत्तर हाय, गिरी हाय..."

सुमनबाईने त्याला असा चिमटा काढला की उरलेला हिमालय त्याच्या तोंडातच राहिला. लग्नाची तारीख तिथेच पुन्हा पक्की झाली.

परतीच्या एसटीत त्याने विचारलं, "तुला ठाऊक व्हतं, फुडं काय लिवलंय ते?"

"तुमच्या आईला दिसत नव्हतं तवा रोज पोथी कोन वाचून दाखवत व्हतं?" ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

पुनमचं लग्न झालं. फुलसिंग परतला, तेव्हा धर्मसिंगने तांड्यावर सगळ्यांना जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोथीवर पुन्हा शंका काढायला लागला. पुढचा अधिक महिना आला तो आश्विनाचा, आणि त्याच महिन्यात टीव्हीवर अफगाणिस्तानातली लढाई दिसू लागली. तिथे डोंगरही होते. पार पुन्हा गच्च भरला. पुनम लेकरू घेऊन माहेरी आली होती. सोमेश्वरराव पुढेच बसले होते, आणि कुंपणापलीकडचा त्यांचा शेजारीही भक्तिभावाने खास हट्ट्याहून आला होता.

रामकिशनने रणाची ओवी म्हटली. पार कुजबुजला, "खरी झाली, आणखी खरी झाली!" शेजारी पुढे सरकला. "फुडं वाचा, महाराज."

रामकिशनने सोमेश्वररावांकडे पाहिलं, सोमेश्वररावांनी रामकिशनकडे. दोघेही एकाच दमात ओरडले, "प्रसाद आना!"

सुमनबाई पातेलं घेऊन पाराच्या पायरीवर आधीच उभी होती.