तीन नंबरचा दिवा

मुकुंदकाकांना रिकामी जागा म्हणून बघवत नसे. ताटात कोपरा मोकळा दिसला की ते लगेच चटणी वाढून घेत. तिथवर ठीक होतं हो, पण त्या दिवशी त्यांनी डब्याचं रिकामं भोक भरलं आणि निम्म्या हैदराबादचे फोन बंद पडायची वेळ आली!

डबा म्हणजे त्यांच्या कुकटपल्लीतल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात बनलेलं वेळेचं यंत्र. मोबाइलच्या सगळ्या टॉवरांना अगदी एकच वेळ लागते, नाहीतर फोन मधेच तुटतात. तीन ठिकाणांहून वेळ आत घ्यायची, त्यातली भरवशाची निवडायची आणि ती टॉवरला द्यायची, एवढंच डब्याचं काम. आठ महिन्यांत एकही डबा खपला नव्हता. आज टॉवर कंपनीचे एकनाथराव बघायला येणार होते, आणि ते नाही म्हणाले तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

काकांची पुतणी कविता तिथली इंजिनिअर. तिने एक नंबरला गच्चीवरच्या अँटेनातून उपग्रहाची वेळ जोडली, दोन नंबरला एकनाथरावांच्याच कंपनीकडून वेळ आणणारी लाइन. तीन नंबर मोकळा होता, म्हणून तिथे लाल दिवा लुकलुकत होता.

"पाहुण्यापुढे लाल दिवा? छे छे, अपशकुन!" काका पुटपुटले. कविता चहा सांगायला खाली गेली तेवढ्यात त्यांनी डब्यातून बाहेर जाणारी वायर वळवली आणि त्याच्याच तिसऱ्या भोकात खुपसली. दिवा हिरवागार झाला! काका स्वतःवरच खूश.

एकनाथराव आले. माणूस मलकपेठचा, आवाज खणखणीत. डब्याने बेधडक तीन नंबर निवडला आणि पडद्यावर फरक शून्य दाखवला. निवडणारच की! स्वतःची वेळ स्वतःलाच विचारल्यावर चूक निघणार कशी?

"फरक शून्य? कमाल है!" एकनाथराव म्हणाले. "तीन नंबरला काय लावलंय?"

"घरचंच आहे," काका म्हणाले.

पण फक्त स्वतःचंच ऐकणारा भरकटायचाच. पाच मिनिटांत डब्याला उपग्रह चुकीचा वाटू लागला. एक नंबर लाल!

कविता चहा घेऊन दारात आली, तोच काका ओरडले, "कविता, पळ! अँटेनावर कबुतर बसलं असेल!"

ती गच्चीवर पोचते न पोचते, तोच दोन नंबरही लाल!

"अरे, ही तर आमची लाइन!" एकनाथराव तडकले आणि त्यांनी ऑफिसला फोन लावला. "क्या जी, सो रहे क्या? टाइम गलत भेज रहे तुम लोगां! दस मिनट में फाल्ट नै मिला तो बडी घडी बंद करको चालू करो!"

"कबुतर नाही, काका!" म्हणत कविता खाली आली आणि हे शेवटचं वाक्य ऐकून हबकली. बडी घडी म्हणजे सगळ्या टॉवरांना वेळ देणारं कंपनीचं मुख्य घड्याळ, ते बंद म्हणजे शहरभर बोंब! तिने डब्याच्या मागे डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, काय केलंत हे! डबा स्वतःलाच विचारतोय!"

"अगं, दिवा..."

तिने वायर उपटली. एक हिरवा, दोन हिरवा! त्याच क्षणी फोन वाजला.

"साब, फाल्ट मिल गया! रिपेर कर दिये!"

एकनाथरावांनी दोन नंबरकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली. "वाह! इथे बसून आमच्या ऑफिसातला फॉल्ट पकडला! आणा कागद, साठ डबे!"

काकांनी पेन पुढे केलं. त्यांचे डोळे कविताला हात जोडून सांगत होते, गप्प बस गं बाई. पण तिला राहवेना.

"सर, फॉल्ट नव्हताच. काकांनी वायर चुकीची लावली होती. तुमची लाइन पहिल्यापासून बरोबर होती."

एकनाथरावांच्या हातातलं पेन तसंच हवेत राहिलं.

"मग आमच्या लोकांनी रिपेर काय केलं?"

एकनाथरावांनी एक मोठा सुस्कारा सोडला आणि कागदावर सही ठोकली.

"सर, तरीही?"

"पोरी, तुझा डबा वायर काढली की खरं बोलतो. आमच्या लोकांची कुठली वायर काढायची, ते मला वीस वर्षांत सापडलं नाही."