करंजाखालचं बुकिंग ऑफिस

भावनाची मागणी साधी होती. तिला एक रात्र एकटीने झोपायचं होतं. पण बुवापाड्यातल्या त्या दोन खोल्यांत ही मागणी कुणाच्या डोक्यात शिरेना. माहेरी ती चार बहिणींतली मधली. सासरी एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला लेक आणि भिंतीपलीकडे सासूबाईंचा खोकला. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की आपण आयुष्यातली एकही रात्र एकटीने काढलेली नाही. मग तिने उल्हासनगरहून एक नारिंगी तंबू आणला आणि जेवताना जाहीर केलं, "शनिवारी मी आपल्या चामटोलीच्या प्लॉटवर राहणार. एकटी."

"महेंद्रशी भांडलीस का गं?" सासूबाईंनी, म्हणजे द्रौपदीबाईंनी, घास हातातच धरून विचारलं.

"नाही हो आई. मजा म्हणून."

"एकटीला कसली मजा? मी येते सोबत."

त्यांना समजावण्यात दोन दिवस गेले.

बदलापूरजवळच्या चामटोलीचा प्लॉट महेंद्रने अकरा वर्षांपूर्वी घेतला होता आणि त्यातली दहा वर्षं तो विकायच्या खटपटीत होता. गिऱ्हाईक यायचं, पाण्याचं विचारायचं आणि तोंड फिरवून जायचं. हल्ली तेही येईनासं झालं होतं. "कोणी भेटला की देऊन टाकायचा," हे महेंद्रचं ठरलेलं वाक्य. भावनाचा मात्र त्या जागेवर जीव होता. तिथे एक करंजाचं झाड होतं आणि त्या झाडाखाली "मम्मी, माझा टॉवेल कुठाय?" असं कुणी ओरडत नव्हतं. कधीतरी खरंच गिऱ्हाईक मिळेल, या धास्तीनेच तिने हा शनिवार पक्का केला होता.

"जातेयस तर नीट जा," महेंद्र म्हणाला. तो कारखान्यात सुपरवायझर होता, त्यामुळे कुठलीही गोष्ट यादी केल्याशिवाय त्याला करवत नसे. "भिकाऱ्यासारखं जमिनीवर बसायचं नाही. कम्फर्ट पाहिजे."

शेजारच्या कमलेशच्या टेम्पोत कम्फर्ट चढू लागला. घडीचं टेबल, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या, वीस लिटरचा पाण्याचा जार, बॅटरीवरचा पंखा, दिवा, स्टोव्ह, गादी.

"दोन खुर्च्या कशाला? मी एकटीच आहे ना?"

"एक पाय ठेवायला," महेंद्र म्हणाला. शेवटी कमलेशने स्वतःची निळी-पिवळी, खाटेएवढी छत्री प्रेमाने वर चढवली. तिच्याखाली बसून त्याने एकेकाळी सिमकार्डं विकली होती.

शनिवारी तीन वाजता भावना प्लॉटवर एकटी उरली. तंबू उभा राहिला. छत्री उघडली, टेबल मांडलं, त्यावर जार ठेवला. स्टोव्ह वाऱ्याने विझू लागला तेव्हा तिने गवतात पडलेला एक जुना पत्रा ओढून आडोशाला उभा केला. चहा झाला. तिने एका खुर्चीत बसून दुसरीवर पाय ठेवले आणि स्वतःलाच मोठ्याने म्हणाली, "वा, भावनाबाई!"

कप अर्धाही झाला नव्हता, तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे बायको बसलेली.

"मॅडम, रेट काय चाललाय?"

"कसला?"

"गुंठ्याचा."

भावना उठून रस्त्यावर गेली आणि तिने स्वतःच्या संसाराकडे गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं. छत्री, टेबल, खुर्च्या, पाण्याचा जार आणि समोर उभा पत्रा. त्यावर महेंद्रने दहा वर्षांपूर्वी रंगवलेली अक्षरं अजून वाचता येत होती : "प्लॉट विकणे आहे", खाली त्याचा मोबाइल नंबर. बदलापुराकडच्या रस्त्यांवर एवढं सामान दिसलं की ते प्लॉटचं बुकिंग ऑफिस, हे शेंबडं पोरही सांगेल.

तिने घाईने पत्रा पालथा घातला. पण मोटरसायकल दिसली म्हणून एक रिक्षा थांबली आणि रिक्षा दिसली म्हणून एक गाडी थांबली. पलीकडच्या शेतातून हरिचंद्र आला, खुर्चीत बसला आणि जारातलं पाणी पिऊन म्हणाला, "ताई, यो हापिस कवा चालू झाला?"

"काका, ऑफिस नाही. मी राहायला आलेय."

"एकटी? मंग सांजच्याला पन हापिस चालू हाय का?"

गाडीतून चंदरशेठ उतरले. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं.

"प्लॉट विकायचा नाहीये हो," भावना म्हणाली.

"समझ गया. भाव वाढणार आहे म्हणून धरून ठेवलाय."

भावना वैतागली आणि तिने सगळं खरं सांगून टाकलं. "इथे पाणी नाही. टँकर मागवावा लागतो. स्टेशन लांब आहे. संध्याकाळनंतर रिक्षा मिळत नाही. पावसाळ्यात चप्पल चिखलात अडकली की तिथेच सोडून द्यायची."

चंदरशेठनी टेबलावर थाप मारली. "पंधरा साइट बघितल्या, मॅडम. सगळे बोलतात स्टेशन पाच मिनिट. पहली बार किसी ने सच बोला! आता आपल्याला हाच पाहिजे." आणि त्यांनी पत्रा उलटा करून नंबर लावला. बाकीच्यांनीही तो टिपून घेतला.

दहा वर्षं न खपलेली जागा भावनाने दोन तासांत खपवली होती, तीही चहा पिता पिता. पलीकडून महेंद्रचा आनंदाने चिरकलेला आवाज तिला ऐकू आला, "सकाळी येतोच, शेठ!"

सगळे गेल्यावर तिने आधी छत्री मिटली. मग टेबल, खुर्च्या, जार, पंखा, दिवा, गादी, सगळा कम्फर्ट तंबूत कोंबला. तंबूत मुंगीला जागा उरली नाही. ती गोधडी घेऊन करंजाखाली आडवी झाली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण आता कुणीही थांबत नव्हतं. उशाला खोकला नव्हता. पहिलीच रात्र आणि हीच शेवटची, या विचाराने तिला थोडं रडू आलं. मग झोप लागली, ती उन्हाने तोंड भाजेपर्यंत.

महेंद्र आला तेव्हा ती ठरवूनच बसली होती. "अहो, ऐका. हा प्लॉट विकायचा नाही. मला हवाय."

"विकतोय कोण?" महेंद्र म्हणाला. "अगं, दोन वर्षांत एक फोन नाही आणि काल संध्याकाळपासून नऊ! भाव चढतोय. आता सोडायचा नाही. चंदरशेठला वाटेतूनच 'नाही' म्हणून कळवलं."

भावनाला हसावं की त्याला मिठी मारावी, कळेना.

"पण डिमांड टिकली पाहिजे," महेंद्रने कारखान्यातला आवाज लावला. "तू एक काम कर. दर शनिवारी इथे येऊन राहा."

"दर शनिवारी?" तिने चेहरा शक्य तेवढा कष्टी केला. "बरं. तुम्ही म्हणताय तर."

"जड जाईल का? आईला पाठवू सोबतीला?"

"नको, नको! दोघी दिसलो तर लोकांना पिकनिक वाटेल. ऑफिसात माणूस एकच बरा."

बायकोच्या व्यवहारज्ञानावर खूश होऊन महेंद्र टेबल आणायला तंबूकडे वळला. तेवढ्यात भावनाने पत्रा उचलला आणि अक्षरं खाली करून पुन्हा गवतात ठेवून दिला.