फाटकाला तेल

माझ्या हातून आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, हे मी अगदी नम्रपणे सांगू शकते. म्हणजे मागच्या सोमवारपर्यंत सांगू शकत होते.

माझा एक नेम आहे. पहाटे अंघोळ, देवापुढे दिवा, जप आणि मग दिवसभरात एक तरी चांगलं काम, तेही कुणाच्या नकळत. नेम आईनं घालून दिलेला. तिची अट एकच, "केलंस ते बोलायचं नाही. बोललीस की पुण्य गेलं." त्यामुळे कुणाची सुकलेली कुंडी भिजवावी, कुणाचा वाऱ्यानं पडलेला टॉवेल पुन्हा दोरीवर टाकावा आणि गुपचूप घरी यावं. गुपचूप राहणं मला जड जात नाही. माझा आवाजच मुळात असा की बोळातले सगळे मला 'हळूकाकू' म्हणतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, लग्नात मी होकार दिला होता की नाही याबद्दल त्यांना अजून शंका आहे.

आमचा बोळ जुना. घरं इतकी समोरासमोर की पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे लोक रुमाल काढतात. बोळाच्या तोंडाशी एक लोखंडी फाटक आहे. ते ढकललं की असं करकरायचं, जणू कुणी त्याची दाढ उपटतंय. फाटकाला लागून पहिली खोली बेकरीवाल्याची. तो बिचारा रात्रभर भट्टीपाशी उभा राहतो आणि दिवसा झोपतो. झोपतो म्हणजे, फाटक वाजलं की उठून बसतो, थांबलं की आडवा होतो. वाळत घातलेल्या चादरीसारखं त्याचं तोंड झालं होतं.

रविवारी तो भर बोळात ओरडला, "एक दिवस या फाटकाचा गळाच दाबणार आहे मी!"

मला त्याची कणव आली. बायको, तान्हं मूल आणि डोळ्याला डोळा नाही. सोमवारचं पुण्य ठरलं.

पहाटे बोळ निजलेला असताना मी देवघरातली तेलाची बुधली घेऊन गेले आणि फाटकाच्या दोन्ही बिजागऱ्यांना पोटभर तेल पाजलं. फाटक हलवून पाहिलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरलं. मी मनातल्या मनात देवाकडे पाहिलं आणि घरी आले.

आता एक सांगायला हवं. मी कुणाची निंदा करत नाही, तेही नेमातच बसतं. त्यामुळे ते फाटक कशासाठी वाजतं, हे सगळ्या बोळात मला एकटीलाच ठाऊक नव्हतं. आमच्या बोळात फाटक वाजलं की विषय बदलतात! ज्याच्याबद्दल चाललंय तो येत असला, तर तो आत पोचेपर्यंत सगळे हवापाण्यावर आलेले असतात. शिंपीणआजींना तर आता दिसत नाही. त्या ओट्यावर बसून हातानं चाचपून बटणं लावतात, पण फाटक कसं ढकललं यावरून कोण आलं ते अचूक सांगतात. माणूस कळलं की कुठला विषय काढायचा नाही, तेही सगळ्यांना कळतं. इतकी वर्षं बोळात जो गोडवा होता, तो त्या गंजावर उभा होता.

आणि मी त्याला तेल पाजलं होतं.

पहिला बळी शिंपीणआजींचा. घड्याळवाल्यांनी पँट सैल करायला टाकली होती. आजी शेजारणीला सांगत होत्या, "कापड तरी किती सोडायचं, बाई? आता पँट नको, पोटच उसवायला आणा म्हणावं त्याला." घड्याळवाले समोरच उभे होते. पँट उचलून गेले. बोळातला मोठा माणूस तो, चार खोल्यांचा मालक. त्यातलीच एक बेकरीवाल्याला दिलेली.

मग इस्त्रीवाला. गिऱ्हाइकाचे शर्ट तो अधूनमधून 'घडी बसते का बघायला' अंगावर घालतो. निळा शर्ट घालून आरशात भांग पाडत असताना त्या शर्टाचा मालकच आत आला.

मग कोपऱ्यावरची सासू. "सूनबाईनं केलेली भाजी मांजरानं हुंगली आणि माफी मागून गेली," असं ती सांगत होती. मागे सूनबाई. हातात भाजीची पिशवी.

दुपारपर्यंत बोळात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला काहीच ठाऊक नाही! मी जप करून, प्रसन्न मनानं बाजारातून परत येते तो आमचे हे इस्त्रीवाल्याला सांगताहेत, "उपास तिचा आणि भूक माझी. देवाशी सुद्धा इतकं हळू बोलते की तो दोनदोनदा विचारत असेल, काय म्हणालीस?"

मी उभी. हे वळले.

"अगं, हवा बरी आहे ना आज?" हे म्हणाले.

तेव्हा इस्त्रीवाल्यानं कपाळावर हात मारला. "काका, घात झाला. फाटक वाजलंच नाही."

पिशवी माझ्या हातातून सुटायची राहिली.

संध्याकाळी आजींच्या ओट्यापुढे सगळे जमले. बेकरीवाल्याला झोपेतून उठवून आणलं होतं. गालावर उशीची घडी उमटलेली, चेहरा टवटवीत. नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

"काल तूच म्हणालास ना, गळा दाबतो म्हणून?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"म्हणालो. पण मी काही केलं नाही हो. मी झोपलो होतो."

"बघा, कसा झोपलाय ते. तोंडच सांगतंय."

"वर्षभरात पहिल्यांदा झोपलो. हाच गुन्हा का माझा?"

"माझी खोली रिकामी कर," घड्याळवाले म्हणाले. पँटचा राग कुठे काढावा हे त्यांना दिवसभर सुचत नव्हतं. "बोळाची शांतता घालवणारा भाडेकरू मला नको. उद्याच्या उद्या सामान उचल."

त्याची बायको मुलाला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती मुलाचं टोपडं सरळ करत राहिली. ते सरळच होतं.

मी म्हटलं, "मी केलं ते."

कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं. शेजारीण म्हणाली, "काकू, जरा सरका, दिसत नाही." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आजींनी हात वर केला. "गप्प बसा रे सगळे. हळूकाकू काहीतरी म्हणतेय."

एवढे डोळे माझ्याकडे वळले की माझे कान तापले. "तेल मी घातलं. पहाटे."

घड्याळवाल्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"काय हे मन! दुसऱ्याचं पाप अंगावर घेतात. आहे का आपल्यात कुणी असं?"

"अहो, खरंच मीच..."

"बघा, अजून म्हणताहेत!"

सासू म्हणाली, सून म्हणाली, दोघींचं दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं, की अशी बाई होणे नाही. आणि आता जे सांगते ते लिहितानाही मान खाली जाते. मला ते ऐकायला बरं वाटलं. अगदी पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ, पण बरं वाटलं. पुण्यही राहत होतं, वर कौतुक होत होतं. मी गप्प बसले. इतकी वर्षं गप्प बसायचा सराव होता, तो नेमका तिथे कामी आला.

मग बेकरीवाल्याची बायको पुढे आली, मुलासकट वाकली आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाली, "काकू, तुम्ही आमच्यासाठी एवढं खोटं बोललात."

माझे पाय आत ओढून घ्यायला जागा नव्हती.

"अगं, खोटं नाही गं," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज बोळाच्या टोकापर्यंत गेला. "जाऊन बघा! वरच्या बिजागरीवर फूल आहे!"

"फूल?"

"तेल घातल्यावर हातानं आपोआप वाहिलं. सवयीनं."

सगळी मिरवणूक फाटकाकडे गेली. फूल होतं. दिवसभरात सुकलेलं, तेलात चिकटलेलं. आमच्या ह्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हिचंच काम. नशीब, घंटा नाही वाजवली."

घड्याळवाले बेकरीवाल्याकडे न बघता म्हणाले, "राहा मग. कुणी जा म्हटलंय?" आणि पँट परत आजींच्या मांडीवर ठेवली.

"ते झालं," आजी म्हणाल्या. "पण आता फाटकाचं काय? गंज काही बाजारात मिळत नाही. अगं हळूकाकू, ज्यानं आवाज घालवला त्यानंच तो द्यायचा. उद्यापासून माझ्या ओट्यावर बस. कुणी आत आलं की त्याचं नाव घेऊन हाक मारायची. आणि आत्ता ओरडलीस तेवढ्या मोठ्यानं, बरं का. नाहीतर आमचं काही खरं नाही."

तेव्हापासून मी जपमाळ घेऊन ओट्यावर बसते. "घड्याळवाले आले हो!" असं मी ओरडते, आणि माझ्या मागे सगळेजण घाईघाईनं हवापाण्यावर येतात. त्याआधी काय चाललं होतं ते मी ऐकत नाही. म्हणजे कान असतात, त्याला माझा इलाज नाही. बेकरीवाला म्हणतो, "काकू, तुमच्यापेक्षा फाटक बरं होतं."

त्याच्या झोपेसाठी तरी माझं तोंड लवकर बंद व्हायला हवं. म्हणून हल्ली मी पहाटे उठून दोन्ही बिजागऱ्यांवर मिठाचं पाणी शिंपडते. गंज धरायला लागलाय. काल तर फाटक किंचित कण्हलंसुद्धा. मग ते वाजून त्याची झोप पुन्हा मोडेल त्याचं काय, हे मात्र मला आत्ता, लिहिता लिहिता सुचलं.

आणि हे पाण्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला सांगून बसले. म्हणजे हेही पुण्य गेलंच.