फक्त जलखाबार

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा प्रद्योत समाद्दार अंघोळीला गेला होता, म्हणून फोन पिशीने घेतला.

पिशी म्हणजे त्याची आत्या. आईमागे तिनेच त्याला वाढवले, आणि ते थेट एकशे अडतीस किलोंपर्यंत. घरातले त्याचे नाव टुकुन, म्हणजे एवढासा. हा एवढासा घोरता घोरता श्वास घ्यायचाच विसरे. मग पिशी धावत येऊन त्याला हलवी. डॉक्टर लाहिडीबाईंनी बजावले होते, वजन उतरले नाही तर एखाद्या दिवशी हलवूनही उपयोग व्हायचा नाही.

शस्त्रक्रियेच्या दोन तऱ्हा होत्या. जठर कापून अरुंद करायचे, नाहीतर अन्नाला आतड्यातून नवी वाट काढून द्यायची. डॉक्टर चित्र काढून समजावत होत्या.

"यातल्या कुठल्यात इलिश मासा चालतो?" पिशीने विचारले.

"दोन्हींत. पण काही महिन्यांनी, आणि थोडासा."

"मग थोडासा जास्त कुठल्यात?"

शेवटी डॉक्टरांनीच ठरवले : जठर अरुंद करायचे.

फोनवर सिस्टर बिन्सी होती. ती कोट्टयमची, कोलकात्यात येऊन तिला जेमतेम वर्ष झाले होते. ऑपरेशनआधी पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे, म्हणजे यकृत आकसते, एवढेच तिला सांगायचे होते. 'जल' तिला येत होते, 'खाबार' म्हणजे अन्न हेही. तिने दोन्ही जोडले.

"आजपासून फक्त जलखाबार. भात नाही, मासे नाहीत."

आणि बंगालीत जलखाबार म्हणजे नाश्ता.

"टुकुन, बाहेर ये रे!" पिशी ओरडली. "भात बंद, मासे बंद. नुसत्या नाश्त्यावर राहायचं म्हणे."

"दुपारी काय मग?"

"नाश्ता."

"आणि रात्री?"

"नाश्ताच. मी दोनदा विचारलं बाबा. म्हणाली, दिवसभर थोडं थोडं चालू ठेवा."

पिशीने ते चालू ठेवले. सकाळी लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि दम आलू, दुपारी हिंगाच्या कचोऱ्या, संध्याकाळी तुपाने थबथबलेला मोहनभोग. भाताविना प्रद्योतचा चेहरा पार उतरला. तो शिकवायचा त्या शाळेत सहकारी म्हणाले, "समाद्दार, तुझा निग्रह मानला बुवा!"

पिशीला घेऊन तपासणीला गेला तेव्हा वजन चार किलो वाढले होते.

"काय खात होतात?" डॉक्टरांनी विचारले.

"सांगितलं तेच, नुसता जलखाबार. भाताचं शीत नाही तोंडात!" प्रद्योत म्हणाला.

"लुच्या किती?"

"त्या मोजायच्या असतात?"

बिन्सीला बोलावले. ती रडकुंडीला आली. "मी स्वच्छ सांगितलं होतं, जलखाबार!"

"आम्हीही स्वच्छ तेच केलं," पिशी म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलू लागले. हसू ओसरल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "या फुगलेल्या यकृताआड मला जठर दिसायचं नाही. तारीख पुढे ढकलते. पण या वेळी चुकलात तर मी हात लावणार नाही."

घरी येताच पिशीने लुच्यांची कढई माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून डाळीचे पाणी, गाळलेले सूप आणि ताक. प्रद्योतने निमूट गिळले. "तू जेवलीस का?" असे विचारले की ती म्हणे, "मी मघाशीच उरकलं."

वजन उतरले, यकृत आकसले, ऑपरेशन झाले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "सगळं छान झालं." ते ऐकले आणि पिशी बाकावरून खाली घसरली.

प्रद्योत शुद्धीवर आला तेव्हा शेजारच्या खाटेवर पिशी होती, हाताला सलाईन लावलेली.

"हिला काय झालं?"

"उपास," बिन्सी म्हणाली. "पंधरा दिवस यांनीही डाळीचं पाणीच घेतलं. आणि वजन किती, तर एकोणचाळीस किलो!"

"पोर पाणी पितंय आणि मी भात कसा गिळू?" पिशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "वास गेला असता ना तुझ्याकडे."

प्रद्योतच्या मनात आले, एवढे कुणी आपल्यासाठी केले, आणि आपल्याला वासही आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला घोटघोट पाणी मिळाले. पिशीसाठी भात आणि माशाचा झोल आला. तिने एक घास घेऊन ताट सरकवले. प्रद्योत हळूहळू उठला, भिंत धरत तिच्या खाटेशी जाऊन बसला आणि भात कालवू लागला.

"अहो, तुम्हाला नाही चालणार ते!" बिन्सी धावली.

"मला नकोच आहे. पिशी, आ कर."

"पुरे रे, पोट भरलं."

"सगळं संपवायचं. मुकाट्याने."

तेवढ्यात डॉक्टर आल्या आणि दारातच थबकल्या. "यात पेशंट कोण आणि नातेवाईक कोण?"

"नातेवाईक मी," प्रद्योत म्हणाला, आणि पुढच्या घासातला काटा शोधू लागला.