लग्नघरातला प्रिंटर

माधवीचं लग्न उद्यावर आलं होतं आणि घरातला प्रिंटर रुसून बसला होता. सुधीरने बटण दाबलं की तो आतल्या आत कर्र करायचा, लाल दिवा लावायचा आणि गप्प व्हायचा.

दारात मांडव, मांडवाला आंब्याचे टहाळे, भिंतीपलीकडे शेजारच्या सिराजच्या कापड विणायच्या लूमची खडखड. आत कॉम्प्युटरसमोर सुधीर, आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या त्याच्या आई, अनसूयाबाई. लेकीसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं, आणि ते छापून पाहुण्यांच्या हाती पडलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या जावेने, विद्युल्लताने, आपल्या मुलाच्या लग्नात स्वतःचं मंगलाष्टक गुलाबी कागदावर छापून वाटलं होतं. अनसूयाबाईंचं हाताने लिहिलेलं मात्र अक्षतांच्या ताटाखाली राहून गेलं होतं.

"काल संध्याकाळी तर चालत होता," सुधीर म्हणाला. "सकाळी कोणी हात लावला का?"

अनसूयाबाईंनी आवाज खाली आणला. "तुझी काकू उभी होती इथे. चहाचा कप घेऊन. एकटीच."

"काकू? आई, तिला माऊस कुठून धरायचा ते माहीत नाही."

"बिघडवायला माहीत कशाला लागतं?"

सुधीरचा संशय निराळ्याच दाराशी घुटमळत होता. कॉम्प्युटर आणि प्रिंटर त्याने सिराजच्या लूमच्या ऑफिसातून जुने घेतले होते. चालती वस्तू कोणी विकतं का? त्याने सिराजलाच बोलावून घेतलं. केसांत कापसाची फुलं घेऊन सिराज आला.

"तू गेमची फ्लॉपी घातलीस," त्याने आल्या आल्या निकाल दिला. "व्हायरस गेलाय आत."

"मी? मग तुम्ही विकलात कशाला, सिराजभाई?"

"अरे, नवा घेतला म्हणून! जुना काय डोक्यावर घेऊन नाचू? बाजूला हो. प्रिंटर काढून टाकायचा आणि परत घालायचा. टेबलावरून नाही रे, कॉम्प्युटरच्या आतून!"

सुधीरने काढला. पडद्यावरचं प्रिंटरचं इवलं चित्र पुसलं गेलं, तसं अनसूयाबाईंचं काळीज हललं. मग प्रिंटरची फ्लॉपी घातली. कॉम्प्युटरने मुलगी दाखवायला आणल्यासारखे प्रश्न विचारले: कंपनी कोणती, जोडणी कुठली, नाव काय ठेवायचं? शेवटी म्हणाला, चाचणीचं पान छापू का? सुधीरने हो म्हटलं.

कर्र. लाल दिवा.

"परत काढ," सिराज म्हणाला.

पण आता कॉम्प्युटर हटून बसला. याच्याकडे काम बाकी आहे, म्हणे, काढता येणार नाही. म्हणून सुधीरने जुन्याच्या शेजारी नवा बसवला. तोही चाचणीचं पान उरी धरून बसला. त्याच्या शेजारी आणखी एक. दुपारपर्यंत पडद्यावर पाच प्रिंटर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि टेबलावरचा एकुलता एक मुका होता.

"झाकण उघडून बघतो," सुधीर म्हणाला.

"नको!" अनसूयाबाईंनी प्रिंटरवर दोन्ही हात पसरले. "धूळ जाईल आत."

सिराजने त्यांच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात लाडवांचं ताट घेऊन विद्युल्लता दारात आली.

"हसायला काय झालं गं?" अनसूयाबाई कडाडल्या.

"हसत नाही, ताई. बघतेय."

सिराजने प्रिंटरला कान लावला. "सुधीर, दाब एकदा." कर्र. त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हा आवाज तर घरचा आहे! भाभी, आत धागा अडकलाय. धागा गुंतला की माझा लूम अस्साच ओरडतो."

"प्रिंटरमध्ये धागा कुठून येणार?" सुधीर म्हणाला, आणि त्याची नजर आईवर गेली. अनसूयाबाईंचा चेहरा हळदीचा झाला होता.

सकाळी घाणा भरला होता. ओव्या म्हणत बायकांनी जात्याला, मुसळाला हळकुंड आणि आंब्याचं पान बांधलं होतं. लग्नासाठी जे जे राबणार, त्याला आधी असा मान द्यायचा. अनसूयाबाईंना वाटलं, हे यंत्रही आपल्या लेकीसाठी राबणार, आपले शब्द आपल्याआधी हेच उच्चारणार. मग याला बिनमानाचं कसं ठेवायचं? त्यांनी हळूच झाकण उचललं आणि आतल्या चकचकीत दांडीला हळकुंडाचा दोरा बांधला. बाहेर बांधला असता तर सुधीर हसला असता.

"आई!"

"शुभाचा दोरा कधी आडवा येतो का रे? मला वाटलं, दुसरंच काहीतरी असेल."

सुधीर कात्री शोधायला उठला. अनसूयाबाई ओरडल्या, "हात लावू नकोस! घाण्याचा दोरा लग्न लागेपर्यंत सोडायचा नसतो!"

"मग मंगलाष्टक काय लग्न लागल्यावर छापू?"

अनसूयाबाई खुर्चीत बसल्या. एकीकडे लेकीचं शुभ, एकीकडे लेकीसाठी जुळवलेले शब्द. डोळे भरून आले.

विद्युल्लताने ताट खाली ठेवलं. "ताई, तुम्ही बांधत होतात तेव्हा मी दाराशीच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दोरा सोडा म्हटलं असतं, तर धाकटी जाऊ लग्नात विघ्न आणते असं झालं असतं." तिने पदर खोचला. "सर रे, सुधीर. मी सोडते. दोष माझ्या माथी. सकाळपासून तसाही माझ्याच माथी आहे."

गाठ सुटली. प्रिंटरने श्वास घेतला आणि लूमसारखा खडखडायला लागला. पहिलं पान आलं चाचणीचं: अभिनंदन, प्रिंटर व्यवस्थित बसला आहे. दुसरं आलं, तेही अभिनंदनाचंच. पाचही प्रिंटरांनी आपापलं अभिनंदन करून घेतलं तेव्हा कागदाचं एकच पान उरलं होतं. सुधीरने मंगलाष्टक छापायला सोडलं. त्या शेवटच्या पानावर ते उतरलं.

"एक पान पुरे, भाभी," सिराज पान फाडून घेत म्हणाला. "नाक्यावरून झेरॉक्स मारून आणतो. गुलाबी कागदावर आणू?"

"पांढऱ्या!"

सिराज पान घेऊन गेला. विद्युल्लता पडलेलं हळकुंड उचलता उचलता गुणगुणली, "जाता हासत माधवी, मग रडे दारातला मोगरा..."

अनसूयाबाईंचे कान टवकारले. "तुला कसं पाठ?"

"सकाळी कप घेऊन उभी होते ना? पडद्यावर होतं. वाचत राहिले आणि चहा गार झाला." ती थांबली. "माझ्या गुलाबी कागदात असा मोगरा नव्हता, ताई."

अनसूयाबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी जावेच्या हातातून दोरा घेतला आणि हळकुंडासकट तिच्याच मनगटाला बांधला. "आता लग्न लागेपर्यंत सोडायचा नाही."

"म्हणजे आता मी अडकले!"

"अडकलीस. उद्या माईकपुढे तूच म्हणायचंस. माझा गळा भरून येईल." त्यांनी गाठ घट्ट ओढली. "आणि मधेच कर्र करून लाल दिवा लावलास, तर बघ!"