म्हाळसेची हाक आणि पळसाची वही

एका जंगलात एक धनेश राहत होता. त्याचं नाव भिरकू.

धनेश ठाऊक आहे ना, पोरांनो? केवढी थोरली चोच, आणि उडताना पंखांचा असा आवाज की वाटावं, कुणी सतरंजी झटकतंय. ठाऊक नसेल तर नसू दे. मोबाईलमध्ये बघायला जाऊ नका. तुम्ही एकदा तिकडे गेलात की परत येत नाही, आणि गोष्ट सांगणारा बसतो तोंड बघत.

तर भिरकू. आळशी नव्हता. मनाचा वाईट तर मुळीच नव्हता. फक्त त्याचं लक्ष एका जागी ठरायचं नाही. उंबरं आणायला निघायचा, वाटेत निळा भुंगा दिसायचा. भुंग्याच्या मागे मागे नदीपर्यंत जायचा. नदीवर खंड्या मासे धरत असायचा, तर तो बुडी कशी मारतो ते बघत बसायचा. संध्याकाळी घरी यायचा तो चोचीत मोराचं पीस घेऊन. उंबरं कुठायत? कसली उंबरं?

त्याची बायको म्हाळसा हसायची. ते पीस ढोलीत खोचून ठेवायची. नव्या लग्नात सगळ्याचंच हसू येतं. पटत नसेल तर घरी विचारा.

पण मग म्हाळसेचे अंडी घालायचे दिवस आले, आणि हसू संपलं.

का संपलं ते नीट ऐका. धनेशांची एक रीत आहे. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. माती, उंबराचा गर आणि स्वतःची शी. नाकं मुरडू नका, घट्ट बसतं ते. एक बारीक फट तेवढी राहते, चोच बाहेर निघेल इतकीच. आत गेल्यावर तिची पिसंही झडतात. उडता येत नाही, बाहेर पडता येत नाही. पिल्लं मोठी होईस्तोवर नवऱ्याने फटीतून जे भरवायचं, त्यावरच तिने जगायचं. नवरा विसरला, तर संपलं.

आता सांगा, असा नवरा, आणि अशी रीत!

म्हाळसेच्या मावशीने डोक्याला पंख लावला. "अगं, याच्या भरवशावर कोंडून घेतेस? याला स्वतःची शेपटी आठवत नाही!"

"मी हाक मारीन की," म्हाळसा म्हणाली आणि दार लिंपायला लागली.

आणि खरंच, तिने हाक मारली. हाक कसली ती! "अहोऽऽऽ!" अशी आरोळी उठायची की खालच्या ओढ्यातली बेडकं चिडीचूप व्हायची. भिरकू असेल तिथून दचकायचा. "अरेच्चा, उंबरं!" म्हणायचा, आणि जवळच्या झाडावरून चोचभर फळं घेऊन सुसाट यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा हाक, पाच-सहा वेळा उंबरं. म्हाळसेचं पोट भरत होतं. दोन अंडी तिच्या पोटाखाली उबेत होती. सगळं बरं चाललं होतं.

पण जे बरं चाललंय ते लोकांना बघवेल तर ते लोक कसले?

त्या जंगलात सातभाई नावाची पाखरं होती. सात जण एकत्र हिंडायचे, सातही जण एकदम बोलायचे, आणि ऐकायला कुणीच नसायचं. त्यांनी भिरकूला धरला.

"काय भिरकू, बोलावणं आलं का?"

"बायको ओरडली की हा पळतो!"

"आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं विसरणं-बिसरणं."

"मन लावलं की सगळं होतं. मन लावत नाही!"

भिरकूला ते फार लागलं. मन कसं लावायचं, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. लाव म्हणून मात्र अंड्यातून बाहेर आल्यापासून सगळे सांगत होते. तो तडक वैद्यीणबाई भागाबाईंकडे गेला. भागाबाई म्हणजे एक म्हातारी वानरीण. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, चार प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या, म्हणजे फांदीबाहेरच्या पाकोळीकडे गेलं.

"लक्ष असं ठरत नाही, याला एडीएचडी म्हणतात," भागाबाई म्हणाली. "तुझ्या मेंदूची घडणच तशी आहे. यात तुझी चूक नाही, आणि लाजण्यासारखंही काही नाही. बायको हाक मारते ना?"

"मारते."

"मग मारू दे. ऐकू येईल इतक्याच लांब जात जा. ऊठ."

झाला सल्ला. चांगला होता, आणि फुकट होता. फुकटच्या सल्ल्याचं जे होतं तेच त्याचं झालं. फांदीवरून उतरेपर्यंत भिरकू तो विसरला.

पुढच्या झाडावर तांबट गुरुजींचा वर्ग भरला होता. तांबट म्हणजे तो हिरवा, चिमणीएवढा पक्षी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत टुक टुक टुक टुक करतो. एवढंच करतो. त्यामुळे त्याचं कधी काही राहून जात नाही. राहून जायला मुळात दुसरं काही हवं ना! पण या एकाच गुणावर गुरुजींची फार ख्याती होती. वर पाटी होती: 'तांबट नियोजन केंद्र. आयुष्याला शिस्त लावून मिळेल.'

गुरुजींनी भिरकूची सगळी हकिगत ऐकून घेतली आणि मान हलवली. "भिरकूराव, हाकेवर जगणं म्हणजे पांगळेपणा. कानावर नाही, पानावर विसंबावं. तुम्हाला प्लॅनरची गरज आहे."

प्लॅनर म्हणजे वही. पळसाची पानं, पत्रावळीसारखी टाचलेली. प्रत्येक पानावर चौकटी. सकाळी काय करायचं, दुपारी काय करायचं, पाण्याचे घोट किती, मन कसं आहे, आज आभार कोणाचे. वहीच्या बदल्यात गुरुजींनी भिरकूने वाटेत तोडलेली उंबरं ठेवून घेतली. ती म्हाळसेची होती, पण ते असो.

"आणि हो," गुरुजी म्हणाले, "घरी सांगा, हाका बंद. हाक आली की वहीची सवय लागत नाही."

भिरकूने घरी येऊन फटीशी तोंड नेलं. "म्हाळसे, मी सुधारायचं ठरवलंय. फक्त तू हाक मारू नकोस. लोक हसतात गं मला."

म्हाळसेला भूक होती. पण नवऱ्याच्या आवाजातली लाज तिला ऐकू आली, आणि तिला त्याची माया आली. इथेच बायकांची चूक होते बघा.

"बरं," ती म्हणाली. "नाही मारणार."

मग काय विचारता! भिरकू वहीला बसला. साळिंदराच्या काट्याची लेखणी केली. शाईला जांभळं हवीत, म्हणून हिंडून हिंडून चोचभर जांभळं जमवली आणि चेचली. मथळ्याला पळसफुलांचा केशरी रंग. कडेने सापाच्या कातीची किनार. कोपऱ्यात डिंकाने चिकटवलेल्या गुंजा. जन्मात पहिल्यांदा भिरकू सबंध दिवस एकाच कामाला धरून राहिला. सातभाई थक्क झाले. "बघा, बघा! मन लावलं की होतं!"

संध्याकाळी तो मोठ्या कौतुकाने ढोलीपाशी आला. पंखांचा आवाज ऐकून म्हाळसेने फटीतून चोच बाहेर काढली.

"ऐक हं. आजचं पान वाचतो. सकाळी उंबरं, दुपारी जांभळं, संध्याकाळी एक सरडा. कसं वाटतं?"

"छान वाटतं. आणलंय का?"

"लिहिलंय."

"अहो, आणलंय का?"

"लिहिलंय म्हणतो ना! लिहिलं की अर्धं काम होतं, असं गुरुजी म्हणतात."

"मग अर्धं उंबर तरी द्या."

भिरकू ओशाळला. धावत गेला, अंधार पडता पडता एक उंबर घेऊन आला. पण खोटं कशाला बोलू, त्या वेळीही त्याच्या मनात हेच होतं की ही धावपळ वहीत कुठल्या चौकटीत बसवायची.

दुसऱ्या दिवशी वही हरवली. ती चोचीखालीच, मांडीवर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती सापडेपर्यंत भिरकूने गुरुजींकडून दुसरी आणली होती. गुरुजी म्हणाले, उत्तमच झालं, एक कामांची आणि एक सवयींची. मग तिसरी आणली मनातलं लिहायला. तिच्यात त्याने लिहिलं, 'मला म्हाळसेची फार काळजी वाटते.' ते अगदी खरं होतं. वाटत होतीच काळजी. अक्षर इतकं सुरेख आलं की त्याने त्याभोवती वेलबुट्टी काढली. वेलबुट्टी होईतो दुपार टळली.

आणि म्हाळसा? ती अंधारात बसली होती. कधी एखादं उंबर यायचं, कधी तेही नाही. बाहेर तिला लेखणीचं खरखर खरखर ऐकू यायचं. हाक तिच्या गळ्याशी यायची, आणि ती गिळायची. बरेच दिवस तिने मुख्यतः हाकाच गिळल्या. त्यांनी पोट भरत नाही.

एके सकाळी एक अंडं फुटलं. दुसरं फुटलं नाही. का, ते मला विचारू नका. पण अंड्याला ऊब द्यायची तर आईच्या पोटात काहीतरी जावं लागतं, इतकं तुम्हालाही कळतं. माझ्या तर अंगाचा तिळपापड होतो ही गोष्ट सांगताना.

त्याच सकाळी तांबट गुरुजींच्या केंद्रात भिरकूचा सत्कार होता. 'आदर्श नियोजक' म्हणून. कोळ्याच्या जाळ्याची शाल होती, नारळाऐवजी कवठ होतं. सातभाई पुढच्या फांदीवर बसले होते. भिरकूच्या वह्या सगळ्यांना दिसतील अशा मांडल्या होत्या, आणि पाहुणे त्यातल्या वेलबुट्टीला माना डोलवत होते. भिरकूला भरून आलं. आजवर त्याला कुणी आदर्श सोडा, बरा सुद्धा म्हटलं नव्हतं.

गुरुजी बोलायला उभे राहिले. "याच भिरकूरावांना बघा. पूर्वी घरून हाक आल्याशिवाय..."

आणि लांबून एक चिरका आवाज आला.

तो म्हाळसेचा नव्हता. बारीक होता, कर्कश होता, आणि थांबतच नव्हता. पिल्लू होतं ते. नुकतंच जन्मलेलं, उघडंवाघडं, आणि उपाशी. वहीची सवय, गुरुजींचा नियम, बापाची लाज, यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. भूक लागली होती, म्हणून ते बोंबलत होतं.

"कोणाचं पोर ते?" सातभाई वैतागले. "कार्यक्रमाला काही मान?"

भिरकू अर्धा उठला. "गुरुजी, मला वाटतं..."

"वाटण्यावर जाऊ नका, भिरकूराव. वहीत बघा. या वेळेला काय लिहिलंय?"

भिरकूने बघितलं. केशरी अक्षरांत लिहिलं होतं: 'स्वतःसाठी निवांत वेळ.'

पिल्लू पुन्हा ओरडलं.

भिरकूने त्या पानाकडे पाहिलं, त्या आवाजाच्या दिशेला पाहिलं, आणि पाहता पाहता त्याच्या लक्षातून सगळं गेलं. सत्कार, शाल, कवठ, गुरुजी, सातभाई, तिन्ही वह्या. तो उठला आणि उडाला. जे विसरू नये तेच जन्मभर विसरत आला होता. त्या एका सकाळी जे विसरायचं तेच विसरला.

वाटेत निळा भुंगा दिसला. दिसू दे. पिल्लाचा आवाज भुंग्यापेक्षा मोठा होता. उंबराच्या झाडावर त्याने मावतील तितकी फळं चोचीत कोंबली आणि ढोलीच्या फटीशी येऊन एकेक आत सोडली. आतून चोच आली. ती म्हाळसेची आहे हे त्याला क्षणभर कळलं नाही, इतकी ती थकली होती.

ती आधी पिल्लाला भरवत राहिली. मग स्वतः खाल्लं. मग बोलली.

"एक अंडं गेलं, अहो."

भिरकू रडायला लागला. "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे, आणि माझ्यामुळेही. तुमच्या लाजेपायी मी गप्प बसले." तिने पिल्लाकडे पाहिलं. ते चोच वासून पुन्हा सुरू झालं होतं. "आता याला सांगा गप्प बसायला. वहीत लिहून दाखवा याला."

भिरकूने काहीच लिहून दाखवलं नाही. तो पुन्हा उंबराच्या झाडाकडे गेला.

त्यानंतर त्या ढोलीतून माय आणि लेकरू दोघंही ओरडायची. दिवसभर! शेजाऱ्यांची झोप उडाली, आणि सातभाईंनी रीतसर तक्रारही केली. पण उंबरं वेळच्या वेळी येत राहिली. कधी उंबरांबरोबर एखादी शिंपली यायची, कधी भुंग्याचं कवच यायचं. म्हाळसा ते बघायची, आणि कधी कधी हसायची. पूर्वीसारखं नाही, पण हसायची. पिल्लू मोठं झालं, दार फुटलं, आणि तिघंही उडून गेली.

आणि गुरुजी? त्यांचं काय वाकडं होणार! भिरकूच्या वह्या त्यांच्याकडेच राहिल्या होत्या. त्यांनी त्या केंद्राच्या दारात टांगल्या. खाली पाटी लावली: 'या वह्या लिहिणाऱ्याचं पिल्लू आज आकाशात उडतंय.' ते खोटंही नव्हतं. वर्गाला बसायला फांदी पुरेना. पुढे ज्यांचं काही गेलंय, अशांसाठी त्यांनी एक खास शोकाची वही काढली. काळ्या किनारीची. तीही चांगली खपते, म्हणतात.

तात्पर्य: ज्याला विसरायची खोड आहे, त्याने एक सुबक वही जरूर घ्यावी. तिच्यात मन लावून, रंगीत शाईने, सगळं लिहावं. आणि मग ती लवकरात लवकर कुठेतरी विसरून यावं. वही विकणाऱ्याने मात्र ती जपून ठेवावी, कारण वहीने पोट भरतं ते एवढ्या एकाचंच.