बारोंगला वाफेची इस्त्री

विल्फ्रेदोला एकच झुरका हवा होता. फक्त एक, तोही थरथरणारं काळीज जागेवर बसावं म्हणून. त्या एका झुरक्यापायी पुढे जे रामायण घडलं, ते लिपा गावात आजही घरोघरी चवीने सांगतात, आणि विल्फ्रेदो समोर असला तर जरा जास्तच चवीने सांगतात.

हा विल्फ्रेदो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या मीटरच्या तक्रारी ऐकायच्या आणि "बघतो" म्हणायचं, हे त्याचं काम. सिगारेट सोडून तो व्हेपवर, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायच्या बॅटरीच्या नळीवर, आला होता, पण नुसता ओढून गप्प बसेल तर तो विल्फ्रेदो कसला! वाफ करणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तो स्वतःच्या हाताने बनवायचा. दुकानात ती तयार मिळते, हे त्याला कुणी सांगितलं की त्याला राग यायचा.

"विकतची कॉइल म्हणजे खानावळीतला भात!" तो म्हणायचा.

"घरातला भात तरी तू कधी शिजवलायस, डॅडी?" त्याची बायको नेनिता विचारायची. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ती त्याला डॅडीच म्हणायची. पूर्ण नावाने हाक आली, की समजायचं आता खैर नाही.)

तर त्या दिवशी त्यांचा मुलगा दिंदो याच्यासाठी मुलीच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. आमच्याकडे ही मागणी मुलाच्या बापाने घालायची असते. जेवणाची पातेली घेऊन मुलीच्या घरी जायचं आणि बापाने उभं राहून चार शब्द बोलायचे. बाप ततपप करायला लागला, तर मुलाची बाजू तिथेच लंगडी पडते.

मुलगी ॲनालिन गोड होती, तिचे आईवडील भले होते. पण घरात चालायचं तिच्या लोलाचं, म्हणजे आजीचं, इसिद्रांचं. लोलांचा नवरा सिगारेटी ओढून ओढून गेला होता. तेव्हापासून त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की ज्या घरात कुणाच्या तोंडातून धूर निघतो, त्या घरात माझी नात जाणार नाही. त्यांची नजर अधू झाली होती, पण नाक असं तिखट, की पाद्रीबुवासुद्धा त्यांच्याकडे यायचे तर आधी चूळ भरून यायचे.

म्हणून भेटीचा दिवस ठरताच नेनिताने विल्फ्रेदोला फडताळातल्या बाळयेशूपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली. लग्न ठरेपर्यंत धूर नाही, वाफ नाही, काही नाही. त्याच्या तारा, तयार कॉइली, चिमटे, सगळं तिने कचऱ्याच्या गाडीत घातलं. व्हेपची बॅटरी आणि अर्काची एक बाटली तेवढी वाचली, कारण ती विल्फ्रेदोने पावसाळी बुटात कोंबून ठेवली होती. (शपथ घेताना त्याने बुटांचा उल्लेख केला नव्हता, म्हणजे बूट शपथेबाहेर, असा त्याचा कायदा.)

सकाळी आरशापुढे उभं राहून तो भाषणाची तालीम करायला लागला. "आदरणीय लोला, आमचा दिंदो..." एवढं म्हणाला आणि पुढचं विसरला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. एक झुरका मिळाला असता तर! बॅटरी होती, अर्क होता, नेनिताच्या औषधांच्या डब्यात कापूस होता. नव्हती ती फक्त तार.

आणि त्याच वेळी त्याला फ्रीजवर ठेवलेली इस्त्री दिसली.

सासूबाईंच्या काळातली, लोखंडी, उचलायला दोन हात लागणारी. घरात नवी इस्त्री असताना ही म्हातारी बिचारी उगाच धूळ खातेय, असं त्याच्या मनात आलं. इस्त्रीच्या पोटात अभ्रकावर गुंडाळलेली चपटी तार असते, आणि चपट्या तारेची वाफ दाट येते, हे त्याला त्याच्या मावसभावाने, रिकोने, सांगितलं होतं. रिकोचं व्हेपचं दुकान होतं, आणि तो गिऱ्हाइकाला माल कमी आणि उपदेश जास्त द्यायचा.

विल्फ्रेदोने इस्त्री उघडली, तार काढली, आणि रिकोचे धडे आठवत कामाला लागला. तार स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर घट्ट गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. मग ती बॅटरीला जोडून बटण थोडं दाबायचं, सोडायचं. तापलेल्या तारेची लाली मधून सुरू होऊन दोन्ही टोकांना सारखी पसरली पाहिजे. कापूस आत ओवताना किंचित अडला पाहिजे, पण ओढाताण होता कामा नये. आणि तारेचा रोध मीटरवर मोजल्याशिवाय बटण पूर्ण दाबायचंच नाही. "मीटरचं मला शिकवतोस?" असं विल्फ्रेदो तेव्हा रिकोला म्हणाला होता. त्यामुळे त्याने मोजलं नाही.

पण नशीब बघा, गुंडाळी झकास जमली! लाली मधून फुलली आणि कडेपर्यंत पोचली. असली कॉइल त्याने जन्मात बनवली नव्हती. तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग कापूस ओवला, अर्क भरला, आता झुरका घेणार, इतक्यात स्वयंपाकघरातून हाक आली आणि त्याने व्हेप खिशात लपवला.

"डॅडी! तुझा बारोंग दोरीवर वाळलाय, त्याला इस्त्री करून घे. माझे हात मटणाच्या रश्श्यात आहेत!"

"करतो की! नवी इस्त्री कुठाय?"

"नवी? तिची वायर उंदराने कुरतडली ना! तूच म्हणालास, बघतो म्हणून. आईची घे, फ्रीजवरची. तीच तर चालू आहे!"

विल्फ्रेदोच्या तोंडचं पाणी पळालं. समोर तार नसलेली इस्त्री, हातात दोरीवरून काढलेला बारोंग, म्हणजे अननसाच्या धाग्यांचा तो पातळ, आरपार दिसणारा समारंभाचा सदरा, आणि त्यावर कागद चुरगळून फेकावा तशा सुरकुत्या. आता हा घालून मुलाची मागणी कशी घालायची? नेनिताला सांगावं, तर मागणीआधी पूर्ण नावाने बारसंच व्हायचं त्याचं. शेगडीवर पाणी उकळून वाफ द्यावी, तर शेगडीपाशी तीच उभी.

वाफ! त्याच्या खिशात वाफच वाफ होती!

तो बारोंग घेऊन न्हाणीघरात घुसला आणि आतून कडी घातली. बारोंग खिळ्याला टांगला, एक मोठा झुरका घेतला आणि भसकन कॉलरवर सोडला. हाताने कापड ताणलं. सुरकुती जरा ढिली झाल्यासारखी वाटली. मग दुसरा झुरका बाहीवर, तिसरा छातीवर, मग पाठ, मग पुन्हा कॉलर. एक झुरका हवा होता ना बाबाला, आता घे! डोकं गरगरायला लागलं, पण बापाचं कर्तव्य म्हणून तो ओढत राहिला. आंबा आणि आटवलेलं दूध, असा त्या अर्काचा स्वाद होता.

दारावर थाप पडली. "डॅडी, दाराखालून हे काय येतंय? धूर?"

"गरम पाण्याने आंघोळ करतोय!"

"आपल्याकडे गरम पाणी कधीपासून येतं?"

"आज... आज आलंय! मी कचेरीत सांगून ठेवलं होतं!"

नेनिता बाहेरच पुटपुटली, "चला, त्या नोकरीचा काहीतरी उपयोग झाला." आणि ती गेली.

विल्फ्रेदोने बारोंग अंगात चढवला. जरा दमट वाटला, जरा चिकट वाटला, पण आरशावर वाफ धरली होती, त्यामुळे त्यात तो स्वतःला फारच रुबाबदार दिसला.

मुलीच्या घराच्या फाटकाशी पोचल्यावर नेनिता आणि दिंदो पातेली उतरवून घेत होते, तोवर शेवटची तालीम म्हणून विल्फ्रेदो तिथल्या आंब्याच्या झाडाला टेकून उभा राहिला. झाडावर लाल मुंग्यांची वसाहत होती. आयुष्यभर त्या पानांवर राहिलेल्या मुंग्यांपुढे आज आंबा आणि आटवलेलं दूध स्वतः चालत आलं होतं. त्या कशाला मागे राहतायत?

आत गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्याने वाकून लोला इसिद्रांचा हात आपल्या कपाळाला लावला. लोलांनी हात सोडलाच नाही. त्यांनी नाक पुढे केलं आणि त्या हुंगायला लागल्या. नेनिताने श्वास रोखला. दिंदो पांढराफटक पडला.

"आंबा," लोला म्हणाल्या. "आणि दूध."

"आम्ही गोड घेऊन आलोय ना, लोला!" नेनिताने पटकन सांगितलं. (गोडाच्या पातेल्यात केळी होती.)

"बरं. बोला, बाळ, काय बोलायला आलात?"

विल्फ्रेदो उभा राहिला. "आदरणीय लोला, आमचा दिंदो..." आणि पहिली मुंगी बगलेत चावली.

"आमचा दिंदो..." दुसरी पाठीत. मग त्यांनी एकेक करून चावायचं सोडून दिलं आणि सगळ्यांनी मिळून कामाला सुरुवात केली. खाजवायची सोय नाही, ओरडायची सोय नाही. सगळं घर त्याच्याकडे बघतंय! त्याने छातीवर हात दाबून धरला. त्याचा आवाज कापायला लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आमचा... एकुलता... आई गं... एकच लेकरू आहे हो आम्हाला!"

आरपार दिसणाऱ्या बारोंगमधून मुंग्यांची रांग गंजीफ्रॉकवर चढताना नेनिताला स्पष्ट दिसत होती. तिने रुमालात तोंड खुपसलं. तिलाही हुंदका आला, असं मुलीच्या आईला वाटलं आणि तीही रडायला लागली. मग ॲनालिनही.

"तो... तुमच्या पोरीला... सुखात... हाय हाय... ठेवेल!" असं म्हणून विल्फ्रेदो मटकन गुडघ्यांवर बसला, कारण मुंग्या आता कमरेखाली उतरल्या होत्या.

लोला इसिद्रा उठल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "लेकासाठी असा रडणारा बाप मी या वयापर्यंत पाहिला नव्हता. दिली! पोरगी तुम्हाला दिली!"

दिंदोने आनंदाने उडी मारली. विल्फ्रेदोनेही मारली, पण ती मुंगीमुळे.

"माझी एकच अट आहे," लोला पुढे म्हणाल्या. "इतक्या मऊ मनाच्या माणसाचं, धुराचा वासही नसलेलं घर पुन्हा कुठे मिळायचं? लग्नानंतर पोरीबरोबर मीही तुमच्याकडेच राहायला येणार. कायमची."

विल्फ्रेदोच्या डोळ्यांपुढे बुटातली बाटली आणि ती जन्मात एकदाच जमलेली कॉइल तरळून गेली. आता मात्र तो खराखुरा रडला. लोलांनी त्याला मायेने जवळ घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्यांचा हात मध्येच थांबला. बोटांनी त्यांनी कापड चाचपून पाहिलं.

"आणि हे बघ, नेनिता," त्या हळूच म्हणाल्या, "येताना मी माझी इस्त्री घेऊन येईन. एवढा गुणी नवरा, आणि त्याला असा चुरगळलेला बारोंग घालून आणलास?"

नेनिताने रुमाल तोंडावरून खाली घेतला.

"इस्त्री आहे की आमच्याकडे, लोला. चांगली चालू आहे," ती म्हणाली, आणि मग सावकाश वळली. "हो ना, विल्फ्रेदो सांतियागो मकालिंताल?"